इस्लामपुरात मे महिन्यात हुडहुडी

“दक्षिण महाराष्ट्रात गुन्हा घडला की दोघांची झोप उडते,” जयराज म्हणाला. “एक गुन्हेगाराची, दुसरी माझी. त्याची भीतीनं, माझी बुद्धीनं. तिसरा माणूस अजून जन्माला यायचाय.”

असं म्हणणारा माणूस त्या वेळी हरीच्या सोफ्यावर, हरीचीच गोधडी पांघरून आणि हरीचीच कानटोपी घालून बसला होता. बाहेर इस्लामपुरात मे महिन्याचं ऊन डांबर वितळवत होतं. जयराज हरीचा सांगलीचा मावसभाऊ, स्वतःच स्वतःला नेमलेला गुप्तहेर. आणि हरी त्याचा साहाय्यक, तोही जयराजनंच नेमलेला. पगार नाही, रजा नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही.

प्रकरण हरीच्या घरचंच होतं. हॉलमधल्या एसीचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोली किती गार करायची ते ठरवणारी डबी, बिघडली. मेकॅनिकनं भिंतीवरची जुनी काढून नवी दिली: पांढरी, साबणाच्या वडीएवढी, बिनतारी, कुठंही ठेवता येणारी. तेव्हापासून एसी थांबायचं नाव घेईना. रिमोटनं सव्वीसवर लावला तरी कपातला चहा ओठापर्यंत येईतो गार व्हायचा. बंद केला की घराची भट्टी, चालू केला की बर्फाचा कारखाना, अधलंमधलं काही नाही. मेकॅनिक पाहुण्यांच्या लग्नाला गेलेला, फोन उचलत नव्हता.

हरीची बायको पद्मा स्वेटर घालून भाकऱ्या थापत होती. सकाळीच तिनं सांगून टाकलं होतं, “मानसिंगला गाडी घेऊन बोलावलंय. तो यायच्या आत ह्या घराचं काय ते नीट करा, न्हाईतर मी चालले माहेरी, उंब्रजला.”

त्यात धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात सासुरवाडीला जावयाला पाटावर बसवतात, अनारशांचं ताट वाढतात. बायको रुसून पुढं गेली तर ताटाऐवजी जाब मिळणार. पण खरं सांगायचं तर अनारसे गेले खड्ड्यात. पद्मा नसली की हरीला त्या घरात करमत नसे, चहासुद्धा गोड लागत नसे, आणि हे त्यानं तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

जयराजनं तपासाची सुरुवात देवाला नमस्कार करून केली होती. देव्हारा हॉलमध्येच. धोंड्याचा महिना म्हणून हरीच्या आईनं, तानुबाईंनी, अखंड समई लावलेली. एसीच्या वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून काचेची दारं गच्च बंद केलेली. आत समईला खेटून नवा थर्मोस्टॅट हळदीकुंकू लावून बसला होता. ह्या घरात येणारी नवी वस्तू आधी देवापाशी मुक्काम करायची, आणि तानुबाई हो म्हणेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मिक्सरसुद्धा पंधरवडाभर घंटेला टेकून बसला होता.

“ह्याच्यावर संशय नाही,” जयराजनं थर्मोस्टॅटलाही हात जोडले. “देवाच्या दारात बसलेला इसम आहे.”

मग त्यानं जुना थर्मोस्टॅट लाडवाच्या डब्यात कोंडला. नोकरीवरून काढलेला माणूस सूड घेतोच, हे त्याचं पहिलं अनुमान. लाडू बाहेर काढावे लागले, ते त्यानं पुरावा नष्ट करावा तसे संपवले. डब्यातला संशयित काही कबूल होईना.

दुसरं अनुमान असं की घर थंड होत नाहीये, घरातली उष्णता चोरीला जातेय. “चोरी म्हटलं की शेजारी आला,” म्हणत तो हरीला ओढत शेजारच्या नानासोंच्या गच्चीवर गेला. तिथं पापड वाळत होते.

“नानासो, हे पापड एका दिवसात कसे वाळले?”

“आवं, मे महिना हाय.”

“तेच म्हणतो मी! एवढी उष्णता आली कुठून?”

नानासोंनी वर बोट केलं. जयराजनं सूर्याकडं बघितलं आणि हरीला हळूच म्हणाला, “साथीदाराचं नाव फुटलं.”

तिसऱ्या अनुमानासाठी तो सांगलीला जाऊन आला. थंडीचा फायदा कुणाला? स्वेटरवाल्याला! पण मे महिन्यात स्वेटरवाला कुठं मिळणार? अख्ख्या सांगलीत एकही नाही. “सगळे एकदम फरार! ह्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?” एवढं बोलून त्यानं पद्माकडं भज्यांची तिसरी ताटली मागितली. एका चहापुरता आलेला हा पाहुणा, त्याला आता आठवडा होत आला होता. गुप्तहेराच्या मेंदूला तेलकट लागतं, असं त्याचं म्हणणं होतं.

तेवढ्यात दारात गाडी वाजली. मानसिंग, पद्माचा धाकटा भाऊ, फौजेतून सुट्टीवर आलेला, आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

“दाजी, मी लेहवरनं आलोय,” तो हात चोळत म्हणाला. “पर इथं लयच गार हाय की ओ!”

पद्मा बॅग घेऊन बाहेर आली. हरी नुसता उभा. घरातून निघताना देवाला कुंकू वाहायचं म्हणून पद्मानं देव्हाऱ्याची दारं उघडली.

“नव्या वस्तूलाबी लाव गं,” मागून तानुबाई म्हणाल्या.

पद्मानं बोट टेकलं आणि किंचाळली, “आई गं! ही डबी हाय का तवा?”

ती वाकली. डबीच्या काचेवर आकडा होता: बेचाळीस.

पद्मानं समईकडं बघितलं, डबीकडं बघितलं, मग एसीकडं. “आवं, ही जिथं असंल तिथली हवा बघून एसी चालतो ना? हिला वाटतंय अख्खं घर पेटलंय! ती बिचारी एसीला सारखी सांगतीय, मार अजून गार, मार अजून.”

“मला काय ठावं?” तानुबाई म्हणाल्या. “मी आपली चांगल्या जागी बसवली.”

पद्मानं डबी उचलून टीव्हीशेजारी ठेवली. आकडा उतरत गेला आणि थोड्या वेळानं एसी निमूट थांबला. घरात इतकी शांतता झाली की नानासोंच्या गच्चीवरच्या चिमण्या ऐकू आल्या.

“मला पहिल्यापासून हाच संशय होता,” जयराज सोफ्यावरून म्हणाला. “मी फक्त तुमची परीक्षा घेत होतो.”

हरीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. “पद्मा, आता तरी जाऊ नको,” तो एका दमात बोलला. “तू नसलीस की घर खायला उठतं मला. कवापासनं सांगायचं होतं.”

पद्मा त्याच्याकडं बघत राहिली. डोळे भरून आले तिचे. “मग आधी बोलायला काय झालं होतं? आन थंडीचं काय घेऊन बसलाय, दोन गोधड्या जास्त घेतल्या असत्या. मी काय थंडीला कंटाळून निघाले व्हते व्हय?”

तिनं सोफ्याकडं बघितलं. हरीनं बघितलं, तानुबाईंनी बघितलं, मानसिंगनं बघितलं. जयराजनंही मागं वळून सोफ्यामागं कोण आहे ते बघितलं.

“मानसिंग,” पद्मा म्हणाली, “गाडी आलीच हाय तर रिकामी कशाला न्यायची? भावजींना घेऊन जा.”

फौजेत हुकूम म्हणजे हुकूम. मानसिंगनं एका हातात जयराजची पिशवी धरली, दुसऱ्या हातात जयराज. गोधडी जागच्या जागी राहिली.

“अहो पण वहिनी, माझं घर सांगलीला!” जयराज गाडीच्या खिडकीतून ओरडला. “उंब्रज अगदी उलट्या दिशेला! तिथून मी घरी कसा जाणार?”

पद्मानं स्वेटर काढून हरीच्या हातात दिला.

“गुप्तहेर ना तुमी, भावजी?” ती म्हणाली. “शोधा की!”