बत्त्यांचा मोडेम

खोक्यावर काय लिहिलंय ते न वाचता मी मोडेम विकत घेतला. सगळी नोकरी पोरांना "प्रश्न दोनदा वाचा" असं बजावण्यात गेलेल्या बाईने! हे नातीला सांगितलं तर ती विचारते, "आजी, मोडेम म्हणजे काय?" म्हणजे माझा मूर्खपणाही आता अडगळीत जमा झाला. बरं झालं. पण त्या मूर्खपणाला चिकटून मी एक दुष्टपणा केला, तो काही जुना होत नाही. तो सांगायचा तर आधी युसूफभाई सांगायला हवेत.

युसूफभाई आमच्या गडग्यापलीकडचे. चिऱ्याचा गडगा तो, जेमतेम कमरेएवढा. दोन घरांत खासगी असं काही उरत नसे. मूळचे बुरोंडीचे. नोकरी मालवाहू जहाजांवर, वायरलेस ऑपरेटरची. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत एकटेच राहत. बोलता बोलता त्यांचं बोट टेबलावर टकटकत राही. कोणी काही नवीन आणलं, मिक्सर असो की टीव्ही, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती बत्त्या?" दिवा नसलेल्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. "बत्ती नाय तर कळणार कसं, जिता हाय की मेला?"

त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेला, डब्यासारखा, आठ लाल बत्त्यांचा मोडेम. रोज चारच्या सुमारास, नमाज झाली की ते गडग्यावरून मला हाक मारत आणि इंटरनेट लावत. तेव्हा ते फोनच्या तारेवरून लागायचं आणि लागताना मोडेम किंचाळायचा, शिट्ट्या मारायचा, घसा खरवडायचा. युसूफभाई एक हात वर करून मला गप्प करत आणि भाषांतर सांगत. "हा विचारतोय, कोण तू? पलीकडचा म्हणतो, हळू बोल, समजत नाय... आता जमलं!" मग पडद्यावर एक नजर टाकत, "आज ट्रॅफिक नाय," म्हणत आणि बंद करत. ट्रॅफिक म्हणजे आलेले निरोप, जहाजावरचा शब्द. रोज हेच. मला वाटे, चला, म्हाताऱ्याला खेळणं मिळालंय.

एकोणीसशे नव्याण्णवची गोष्ट. माझी मुलगी मस्कतला बाळंत होणार होती. जावयाने जाताना आपला जुना कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवला होता, विंडोज तीन पॉइंट एकवाला. मेलचा पत्ताही काढून दिला होता. "मोडेम तेवढा घ्या आई, बाळाचा फोटो त्याच दिवशी पाठवतो."

युसूफभाईंनी आधीच बजावलं होतं. "बाई, बाहेर ठेवायचा घ्या. बत्त्यांचा. तो आपलं काम आपण करतो. ते आत बसवायचं नवं कार्ड आलंय ना, ते आळशी. अर्धं काम कॉम्प्युटरवर ढकलतं. नवी विंडोज घेईल करून. तुमच्या जुनीला नाय जमायचं."

पण मी नुकताच तीन दिवसांचा संगणक वर्ग केला होता. प्रमाणपत्र भिंतीवर, त्याचा खिळासुद्धा अजून चकाकत होता. टकटक करणाऱ्या माणसाकडून मी शिकायचं? शिवाय कॉम्प्युटरसाठी मी क्रोशाचं झाकण विणलेलं. बाजूला डबा आणि लोंबत्या वायरी आल्या की त्याची शोभा जाणार. मारुती मंदिराजवळच्या दुकानात जाऊन म्हटलं, "आत बसणारं द्या." दुकानदाराने विचारलं, "विंडोज कुठली?"

मी म्हटलं, "चांगली."

कार्ड बसलं, पण चालेना. कॉम्प्युटरला ते दिसतच नव्हतं. तीन दिवस मी माउस आपटत होते. चौथ्या दिवशी मस्कतहून फोन. मुलगी झाली! "आई, फोटो बघितलास ना? कुणासारखी आहे गं?"

"तुझ्यासारखी," मी ठोकून दिलं. "नाक तर थेट तुझंच."

फोन ठेवला आणि स्वतःचाच इतका राग आला की तो कुणावर तरी काढणं भाग होतं. आदल्या आठवड्यात युसूफभाईंनी आमच्या पडवीतला फोनच्या तारेचा गंजलेला सांधा घासून दिला होता. मासेवाली दारात टोपली उतरवत होती. मी गडग्यापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने तिला म्हटलं, "त्या युसूफभाईंनी लायनीत हात घातला आणि माझं मशीन बिघडवलं. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच त्यांना." मासेवालीला सांगणं म्हणजे मिरकरवाडा बंदरापर्यंत दवंडी.

पलीकडची टकटक थांबली.

पुढचे दोन दिवस चार वाजता त्यांचा मोडेम किंचाळला, पण मला हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजले तरी आवाज नाही. युसूफभाई माझ्याच दारात उभे, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"खोका कुठाय कार्डाचा? आणा. वाचा मोठ्याने."

मी चष्मा लावून वाचलं. विंडोज पंच्याण्णव किंवा त्यापुढची आवश्यक.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं.

"प्रश्न दोनदा वाचायचा, नाय काय बाई?" गडग्यावरून त्यांनी माझी शिकवणीही ऐकली होती.

टॉवेलात त्यांचा स्वतःचा मोडेम होता. तो त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीला जोडला, इंटरनेट लावायच्या आपल्या दोन फ्लॉप्या घातल्या. आठ बत्त्या लागल्या. यंत्र किंचाळलं. युसूफभाईंचा हात वर. "पलीकडचा विचारतोय, कोण बोलतंय? हा सांगतोय, आजी बोलतेय."

फोटो वरून खाली, ओळीओळीने उतरला. आधी टोपडं, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. मग नाक. नाक थेट जावयाचं होतं.

मी रडले. फोटो बघून रडले असं मुलीला सांगत आले आहे. निम्मं रडणं लाजेचं होतं.

"युसूफभाई, मी त्या मासेवालीला जे बोलले..."

"ऐकलं मी."

क्रोशाच्या झाकणाच्या उगाच घड्या घालत मी म्हटलं, "माझं चुकलं. उद्याच मी असला मोडेम आणते. हा तुम्ही घेऊन जा. तुमचे निरोप अडतील."

ते तोवर अंगणात उतरले होते. गडग्यावर हात टेकून, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बाई, जहाजावर तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा उतरवून घेतल्या. माझ्या नावाची एकपण नाय आली. इथंपण नाय. मोडेम राहूदे तुमच्याकडे. चार वाजता लावत जा, आणि लावताना तेवढी ही गडग्याकडची खिडकी उघडी ठेवा."