शमीमनं लावलेलं दार

अन्वरनं व्हॅनच्या दारांतली किल्लीची कुलपं काढून भोकं बुजवली, तेव्हाच शमीमनं विचारलं होतं, "आणि हे तुमचं चाललं न्हाई तर वो?"

"न चालायला काय धाड भरली?" अन्वर फणकारला. "बावीस वर्षं भोर डेपोत एसटीच्या वायरी जोडतोय. मला शिकवती व्हय?"

'हे' म्हणजे बटणांची एक पट्टी. शमीमचा भाऊ झुल्फिकार धाकट्या बहिणीच्या, मेहनाजच्या, निकाहसाठी कुवेतहून पानशेतला आला होता. त्यानं ती अन्वरसाठी आणली. पट्टी ड्रायव्हरच्या दारावर बाहेरून बसवायची, चार आकडे दाबायचे, की सगळी दारं उघडणार. किल्लीची कटकट नाही. सोबत इंग्रजीत जाडजूड पुस्तक होतं. ते अन्वरनं उघडलंसुद्धा नाही.

आता एसटीच्या डेपोत एक रीत असते. ड्रायव्हरला देवाच्या फोटोपुढं लाल दिवा हवा, घड्याळ हवं, टेप हवा, काहीही जादा बसवायचं असलं की आतल्या छताच्या दिव्याची वायर सोलायची आणि तिथनं करंट घ्यायचा. वायर हाताशी असते, कुणाला विचारावं लागत नाही. अन्वरनं व्हॅनलाही तेच केलं. पट्टीची बटणं हिरवीगार उजळली. मग त्यानं गल्लीतल्या माणसांना बोलावून, कुलपांच्या आतल्या खुंट्या कशा टणाटण उड्या मारतात ते दिसावं म्हणून दार सताड उघडं ठेवून, दहा-बारा वेळा नंबर दाबून दाखवला. लोक "वा वा" म्हणाले. सेकंडहँड गाडी, पण अन्वरची छाती अशी फुगली होती की विचारू नका.

शमीमला खरं तर आदल्या दिवशीच पोरांबरोबर एसटीनं पानशेतला जायचं होतं. मेहनाज तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिला शमीमनंच वाढवलं. मेहनाज म्हणाली होती, "आपा, कबूल हाय का म्हणून इचारायला येतील, तवा माज्या पाठीवर तुजा हात पायजे. न्हाईतर माज्या तोंडातनं शबुद फुटायचा न्हाई." शमीमनं तसं वचन दिलं होतं.

पण अन्वर अडून बसला. "घरात गाडी असताना नवरीची बहीण एसटीतनं उतरणार? पोरं जाऊ दे. आपण रविवारी सकाळी रुबाबात जाऊ. दुपारच्या नमाजनंतर निकाह, आपण अकराला हजर."

रविवारी आठला निघाले. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं, वेल्हे मागं पडलं. पाबे घाटाच्या चढाला इंजिन तापलं, म्हणून अन्वरनं गाडी गेणू धनगराच्या झोपडीजवळ लावली. गेणू पाण्याची घागर घेऊन आला, मागोमाग त्याची बायको धोंडाबाईही आली. चार डोळे बघायला आहेत म्हटल्यावर अन्वरला कुठला दम निघायला!

"बिनकिल्लीची गाडी बघितली का गेणूबा? हे आतलं बटण दाबलं, दार लोटलं, की समदी कुलपं बंद. आता हितनं नंबर दाबायचा."

त्यानं बटण दाबून आपलं दार लोटलं. दारं मिटून गाडी बंद करायची ही पहिलीच वेळ. किल्ली आत, स्टेअरिंगखाली लटकत होती. शमीम मागच्या सरकत्या दारातून उतरत होती, पट्टी हिरवी उजळलेली होती. "बघा आता," अन्वर म्हणाला. शमीमनं उतरून दार ओढलं. धाडकन आवाज झाला आणि पट्टीचा उजेड गेला.

अन्वरनं नंबर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. बोटानं, अंगठ्यानं, मग सगळी बटणं एकदम. पट्टी मेल्यासारखी काळी.

"एवढ्या जोरात कुणी दार आपटतं का?" तो शमीमवर खेकसला. "वायर तुटली की आतली!"

शमीमचा चेहरा उतरला. "या अल्ला! माज्या हातनं झालं का?"

"मग काय माज्या हातनं?"

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

गेणूनं कमरेची कुऱ्हाड काढली. "काच फोडू का? एका घावात काम."

"काच? काचंला हात लावायचा न्हाई!"

"मग आमी काय करावं म्हनता?" धोंडाबाईनं विचारलं.

"पाच मिनिटं द्या. इलेक्ट्रिकचं काम हाय, डोक्यानं करायचं."

डोक्यानं करता करता त्यानं तार आत घातली, ती आतच पडली. धोंडाबाईकडून वेणीचा आकडा घेतला, तो वाकला. गेणूनं गाडी गदागदा हलवून बघितली, तेव्हा फक्त आत ठेवलेला शिरखुर्म्याचा डबा कलंडला आणि सगळ्यांनी काचेला नाक लावून तो सीटवरून खाली वाहताना बघितला.

इतक्यात दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "पानशेतला जायचंय का? वहिनी, बसा पुढं. तासाभरात सोडतो."

शमीमनं अन्वरकडं बघितलं. एक पाय तिनं पुढं टाकलाही होता.

"अगं, पाच मिनिटं थांब," अन्वर म्हणाला. "आत्ता उघडतो. दुधाच्या कॅनवर बसून जाशील निकाहला?"

आणि शमीम थांबली. तिचा नवऱ्यावर विश्वास होता, म्हणून थांबली. टेम्पो गेला. त्यानंतर त्या रस्त्यानं फक्त गेणूची मेंढरं गेली.

दीड वाजला. शमीम उठली, पदर खोचला आणि रस्त्याकडेचा धोंडा उचलला.

"अगं, काय करतीस?"

"माज्यानं बंद झालं, म्याच उघडते," ती म्हणाली, आणि पुढच्या दाराची काच एका दणक्यात फोडली. 

अन्वरनं आत हात घालून खुंटी ओढली, दार उघडलं. आतल्या छताचा दिवा लागला. आणि त्याच क्षणी पट्टीही हिरवीगार उजळली, वर 'टुंई' असा लाडिक आवाजही काढला.

अन्वरनं दिव्याकडं बघितलं, मग पट्टीकडं बघितलं. बसमधला दिवा ड्रायव्हरच्या बटणावर लागतो. व्हॅनमधला दिवा दार उघडलं की लागतो, दार मिटलं की जातो, आणि त्याच्याबरोबर पट्टीचा करंटही जातो. म्हणजे त्यानं केलेलं कुलूप दार उघडं असेल तेव्हाच उघडणार होतं! कुणी कितीही हळू दार लावलं असतं, तरी हेच झालं असतं. शमीमचा कणभर दोष नव्हता.

"आता कसं ओ चालू झालं?" गेणूनं विचारलं.

शमीमही बघत होती. सांगायची वेळ होती ती. "तापलं असंल," अन्वर पुटपुटला. "थंड झालं."

पानशेतला पोचायला तीन वाजून गेले. मांडवात खुर्च्या गोळा करत होते. मेहनाजनं अर्धा तास ताणलं होतं म्हणे. दोनदा पाणी मागितलं, एकदा चक्कर आल्याचं सोंग केलं. पण वऱ्हाडाला मिरज गाठायची होती आणि काजीसाहेबांना दुसऱ्या गावी निकाह लावायचा होता. शेवटी तिनं रडत रडत मान हलवली. गाडीत बसायच्या आधी दोघी बहिणी गळ्यात पडल्या आणि शमीम ओक्साबोक्शी रडत म्हणाली, "माफ कर गं. माज्याच हातनं दार जोरात लागलं."

अन्वर तिथंच उभा होता. त्यानं घसा खाकरला, आणि नुसताच खाकरला.

मग काय, नात्यात ती कायमची गंमत झाली. झुल्फिकार सुट्टीवर आलेला असला आणि शमीम कुणाच्याही गाडीतून उतरायला लागली, की तो ओरडणार, "आपा, दार जपून! आमाला घरी जायचंय!" सगळे हसायचे, शमीमही ओशाळून हसायची, आणि अन्वर दुसरीकडं बघायचा.

सहा वर्षांनी मेहनाज पोराला घेऊन भोरला आली, सुट्टीवर आलेला झुल्फिकारही बरोबर होता. जेवताना झुल्फिकारनं पुन्हा तेच काढलं. अन्वरनं हात ताटात तसाच ठेवला आणि म्हणाला, "शमीमची चूक नव्हतीच. वायर म्या चुकीची जोडली. मला तवाच कळलं होतं, पर बोललो न्हाई." दिव्याचं, दाराचं, सगळं सांगितलं. 

 झुल्फिकारनं मांडीवर थाप मारली. "वा दुलाभाई! बायकोची बाजू घ्यावी तर अशी!"

"खरं सांगतोय रे!"

"खरं तर खरं," मेहनाज डोळे पुसत हसली. "आपा, नशीब काढलंस बाई. असा नवरा मिळत न्हाई."

दाखवायला पुरावा नव्हता. व्हॅन कधीच विकून झाली होती. अन्वरनं शेवटी शमीमकडं बघितलं. निदान तिला तरी पटेल, असं त्याला वाटलं.

"कशाला खोटं बोलता?" शमीम हळूच म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून व्हय? माजी चूक म्या कवाच कबूल केलीय."

रिकामं पातेलं उचलून ती स्वयंपाकघरात गेली. जाताना तिनं आपल्यामागचं दार दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता, अगदी सावकाश लोटून घेतलं. गेली सहा वर्षं घरातलं प्रत्येक दार ती असंच लावत होती.