निगडेकाकांची युरोप फेरी

निगडेकाका नापास झाले की पेढे वाटतात. पास झालेले आम्ही सगळे तोंड पाडून मार्कांची बेरीज करत असतो आणि हे बासष्ट वर्षांचे गृहस्थ कॉलेजच्या जिन्यात खोका उघडून उभे. "घ्या, घ्या. गेला आमचा पेपर!"

पेपर एकच, 'युरोपीय राजकारण आणि समाज'. एम.ए.चा ऐच्छिक विषय. बाकी सगळ्या विषयांत काका पहिल्या फटक्यात सुटले. गेल्या वर्षी या वर्गात आम्ही दोघंच होतो, मी आणि काका, आणि समोर मोकाशी मॅडम. दोन विद्यार्थी नसतील तर विषय बंद आणि कंत्राटी मॅडम घरी, असा आमच्या कॉलेजचा माणुसकीला शोभणारा नियम. मी पास झाले. काका दुसऱ्यांदा आपटले.

नोकरीत असताना काका स्वारगेटच्या बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी सुटली की वेळ लिहायची, सही करायची. आली की पुन्हा लिहायची. हे बत्तीस वर्षं केल्यावर माणूस युरोपकडे बसच्या रूटशिवाय दुसऱ्या कशासारखं बघणार?

"बाई, रूट सांगा," हे त्यांचं पालुपद. मॅडम कितीही अवघड सिद्धांत शिकवोत, काकांचा हात वर. "ते सगळं ठीक. पण कुठून निघतो, कुठे पोचतो, ते सांगा."

युरोपची संसद ब्रसेल्स आणि स्ट्रासबर्ग अशा दोन शहरांत भरते, सामानाच्या पेट्यांसकट ये-जा करते, हे कळलं त्या दिवशी काका आनंदाने उठून उभेच राहिले. "शटल! अहो, हे तर शटल आहे!" मग त्यांना आवरणं कठीण झालं. शेंगेन म्हणजे पास. एकदा काढला की कुठेही चढा, कुठेही उतरा. स्वित्झर्लंड फूटबोर्डवर उभा. तुर्कस्तान केव्हापासून स्टॉपवर. त्याला गाडी दिसते, पण त्याच्यासाठी थांबत नाही. आणि ब्रिटन? "धावत्या गाडीतून उतरला हो. पण बराच वेळ दांडी सोडवत नव्हती."

मॅडम हसून फळ्याला टेकायच्या. मी चिडायचे. स्थलांतरितांच्या प्रश्नावर मी पोटतिडकीने बोलत असताना हे शेजारून विचारायचे, "पण आंदोलनबाई, उभ्याने किती प्रवासी घ्यायची परवानगी आहे?"

स्वारगेटवर चहा प्यायला गेलो तरी हेच. एका मुलाने विचारलं, "काका, हिंजवडीची गाडी कधी?"

"हिंजवडी? त्यापेक्षा लक्झेंबर्गला लवकर पोचाल."

असा माणूस या विषयात नापास होतो? अन्याय दिसला की गप्प बसणं मला जमत नाही. मी पत्रक काढलं. 'ज्येष्ठ विद्यार्थ्याची गळचेपी थांबवा! उत्तरपत्रिका दाखवा!' जिन्यात सह्या घेतल्या. परीक्षा विभागाच्या खिडकीशी तीन दिवस बसले. शेवटी आतला माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, घोषणा पुरे. छायाप्रतीचा अर्ज भरा. त्यावर विद्यार्थ्याची सही लागते."

काकांनी सही द्यायला साफ नकार दिला. "युरोपात याला व्हेटो म्हणतात," म्हणाले.

मग मी अर्जावर सहीच्या शेजारी पट्टीने एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'वेळ'. कागद पुढे सरकवला. काकांनी घड्याळात बघितलं, अकरा वाजून वीस मिनिटं लिहिली आणि सही ठोकली. मग जीभ चावली. पण उशीर झाला होता.

आठवड्याने छायाप्रत आली. सगळे प्रश्न सोडवलेले. उत्तरं माझ्यापेक्षा सरस, हे मी कोणत्याही पत्रकात छापणार नाही. आणि प्रत्येक उत्तरावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरकी रेघ. रेघेवर सुबक अक्षरात, 'फेरी रद्द'. खाली सही आणि वेळ.

मी ती प्रत कँटीनच्या टेबलावर त्यांच्यासमोर आपटली.

"हे काय आहे?"

"दिसतंय ना. रद्द."

"दोनशे सह्या गोळा केल्यात मी! मला जोकर केलंत!"

"मी सांगितलं होतं का गोळा करायला?" त्यांनी चहा बशीत ओतला. "हे बघा, मी राहिलो तर नवा एकच पुरतो. पास झालो असतो तर दोघं कुठून आणायचे? विषय बंद. बाईंची गाडी डेपोत."

क्षणभर मला भरून आलं. मग डोकं ताळ्यावर आलं. "खोटं! यंदा नवीन सहा जणांनी हा विषय घेतलाय. मॅडमना आता तुमची गरज नाही."

पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वडापाव आला, त्याची ओरड झाली, थांबली.

"मुलाकडे राहतो मी खराडीला," ते म्हणाले. "दोघंही चांगली आहेत हो. सून तर फारच. पण दिवसभर दोघांच्या कानात ती बोंडं. मीटिंग. मी काही बोलायला गेलो की हात वर करून थांबा म्हणतात. आमचं सगळं घर म्यूटवर." बशी तशीच हातात. "इथे बाई हजेरी घेतात. निगडे शिवराम. मी हजर म्हणतो. त्या ऐकतात आणि कागदावर खूण करतात. दिवसभरात माझं तेवढं एकच बोलणं कुणीतरी नोंदवून घेतं."

माझ्या पिशवीत उरलेली पत्रकं होती. त्यांतलं एकही वाक्य इथे उपयोगाचं नव्हतं.

"काका, नियमाने तीनच संधी आहेत," मी शेवटी म्हणाले. "ही तिसरी. पास झालात तरी बाहेर, नापास झालात तरी बाहेर."

"माहितीय मला. नोटीस वाचता येते."

"मग निदान पास होऊन उतरा."

बशीतला चहा गार झाला होता, काका तोच प्यायले.

परीक्षेला मी त्याच हॉलमध्ये होते, वेगळ्या पेपरला. काका माझ्या पुढच्या रांगेत. दोन पुरवण्या घेतल्या. एकही तिरकी रेघ ओढली नाही. मी मान लांब करून बघत होते, त्याबद्दल मला ताकीदही मिळाली.

शेवटची घंटा झाली. पोरं उठली, बाकं सरकली. पर्यवेक्षिका काकांपाशी आल्या. "आजोबा, वेळ संपली. द्या पेपर."

काकांनी पुरवण्यांची दोरी पुन्हा एकदा तपासली आणि पेपर त्यांच्या हातात दिला. जागचे मात्र हलले नाहीत.

"अजून काही राहिलंय का?"

"नाही हो, लिहून झालंय," काका म्हणाले. "जरा बसू द्या. नुसता बसतो."