पाटीवर चौतीस कोणी लिवलं?

चंद्रपूरला कोणी नावं ठेवली तर मी ऐकून घेत नाही. कौतुक केलं तर कमी ऐकू आल्याचं सोंग करतो आणि पुन्हा एकदा म्हणायला लावतो. आहेच आमचं तसं! जंगल म्हणाल तर वाघासकट. कोळसा म्हणाल तर गाडीवर गाडी. तांदूळ म्हणाल तर आमच्याकडे शिजायला ठेवला की शेजारी ताट घेऊन बसतो. पण या सगळ्याच्या वर आहे आमचा उन्हाळा.

हसू नका. तुमच्याकडे ऊन पडतं, आमच्याकडे ते मुक्कामाला येतं. एप्रिल लागला की संध्याकाळी भेटल्यावर आम्ही "जेवले का" विचारत नाही, "आज किती गेला" विचारतो. गेला म्हणजे पारा. आमच्या कोपऱ्यावर नागसेनचा पानठेला आहे. त्याला एक काळी पाटी टांगलेली असते आणि तिच्यावर तो रोज संध्याकाळी खडूने त्या दिवसाचा पारा लिहितो. ही कल्पना माझी. सेहेचाळीसच्या वर गेला की नागसेन खाली "शाब्बास" लिहितो, आणि ठेल्यावरची माणसं अशी मान ताठ करतात, जणू प्रत्येकाने घरून थोडंथोडं ऊन आणून घातलं होतं.

मी गुणवंतराव. एसटी स्टँडवर पंचवीस वर्षं कंट्रोलर होतो, माईकवर गाड्या पुकारायचो. माईक बिघडला तरी प्रवाशांना कळायचं नाही, असा आपला आवाज. त्या आवाजाचं पुढे काय झालं तेच सांगतो आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका गुरुवारी आमच्या दिव्यानीचा फोन आला. एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पुण्यात गेलेली. जावई पवन मूळ अकोल्याचा, बँकेत अधिकारी.

"बाबा, पवनले बँकेनं विचारलं. पुण्यातच राहाचं का चंद्रपूर जिल्ह्यात याचं. सोमवारी दुपारपर्यंत फॉर्म भराचा आहे."

"मग भरा ना."

"त्याचं मन होऊन नाई राह्यलं. सारं उन्हाळ्यावर अडलं आहे. शनिवारी आमी येतो, तुमीच त्याचं समाधान करा." मग ती हळूच म्हणाली, "बाबा, मले याचं आहे. इथी मले करमत नाई."

पंचवीस वर्षं गाड्या पुकारल्या, पण "ये" एवढं म्हणायचं काम बायकोवर सोपवलं. फोन तिच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

आमची वच्छला फोन ठेवून बाहेर आली ती निकाल घेऊनच. "अडलं म्हंजे जवाई गरमीले भेला. दोन दिवस तुमी गरमीचं नाव काढाचं नाई. पारा नाई, लू नाई, काई नाई. तुमच्या पाऱ्यापायी माह्या पोरीचं येणं हुकलं, तर मंग पाहा."

"अवं, पण तो अकोल्याचा आहे ना. त्याले कायची गरमी?"

"होता अकोल्याचा. पाच वर्षं झाले पुण्यात आहे. दिवाळीत आला तं दोन स्वेटर आणले होते त्यानं."

हे खरं होतं. मी कामाला लागलो. दोन्ही कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या. भिंतीवरचा थर्मामीटर काढून तांदळाच्या ड्रममध्ये पुरला. राहता राहिली पाटी.

"नागसेन, दोन दिवस पाटी उतरव."

"काऊन भाऊ? दहा वर्षांत पाटी उतरली नाई. लोकं समजतीन का मीच गेलो."

"मंग कमी लिव. चौतीस लिव."

नागसेनचा कात लावणारा हात थांबला. "भाऊ, चौतीस तं आपल्याइथी पहाटी राह्यते."

"पोरीचा प्रश्न आहे बाप्पा."

त्याच्याही घरी मुलगी आहे. तो पुन्हा कात लावू लागला. फक्त म्हणाला, "बारीक अक्षरात लिवतो."

शनिवारी सकाळी नऊला गाडी आली. स्टेशनच्या बाहेर पाय ठेवला आणि माझ्या कानामागून घामाची धार लागली. "हवा कशी गार आहे पाहा, जवाईबापू," मी म्हटलं. पवनने ऑटोतून हात बाहेर काढला, थोडा वेळ तसाच धरला आणि "हो का" एवढंच म्हणाला. मला वाटलं, अंदाज घेतो आहे.

घरी त्याला दोन कूलरच्या मधोमध बसवलं. इकडच्या वाऱ्याने त्याचा भांग तिकडे, तिकडच्याने इकडे. तो दोनदा उठून खिडकीशी गेला. "मामाजी, दुपारी इथं ऊन कसं असतं?"

"ऊन? कायचं ऊन! ते तिकडं घुग्घुसले पडत असन. आमच्याइथी झाडी आहे ना."

नेमकी तेव्हाच मंगली आली. जुनोन्याकडच्या जंगलातल्या गावातून ती दर उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं अशी रानफळं घेऊन येते. टोपली उतरवत ती दारातूनच म्हणाली, "माय वं, का ऊन आहे बाई आज. पाय भाजून राह्यले माहे."

पवन ताडकन उठला. मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो. "तिले ताप आहे," मी म्हटलं.

"मले कायचा ताप?" मंगली म्हणाली. वच्छलाने तिला टोपलीसकट स्वयंपाकघरात ओढलं. मी कूलरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुपारी तीन वाजता जावयाला सटासट शिंका सुरू झाल्या. चंद्रपुरात, मे महिन्यात, पडसं झालेला हा पहिलाच माणूस असावा. वच्छलाने आल्याचा चहा करून दिला आणि माझ्याकडे समाधानाने पाहिलं. योजना लागू पडत होती.

संध्याकाळी त्याला पानठेल्यावर नेलं. आपल्या माणसांत बसवलं की मन रमतं. पवनने पाटी वाचली. पुन्हा जवळ जाऊन वाचली, अक्षर बारीक होतं ना. "चौतीस?"

"यंदा जरा वाढलंच," मी म्हटलं.

त्याने मोबाइलवर अकोल्याहून आलेला मेसेज उघडला. "अकोला आज पंचेचाळीस आठ," तो म्हणाला. तो आवाज मी ओळखायला हवा होता. मी स्वतः त्याच आवाजात बोलतो. पण तेव्हा माझं सगळं लक्ष जीभ दाताखाली धरण्यात होतं. मग त्याने एक उसासा टाकला आणि म्हणाला, "म्हणजे मामाजी, चंद्रपूरचं नुसतं नावच आहे."

नुसतं नाव! बाकड्यावरचे चौघे माझ्याकडे पाहू लागले. नागसेनने चुन्याची डबी खाली ठेवली. आणि मी, गुणवंतराव, या तोंडाने म्हणालो, "हो ना. पेपरवाले वाढवून लिवतात." त्या रात्री मला भात गेला नाही.

रविवारी सकाळी अंगणात पवन दिव्यानीला सांगत होता, "पुण्याचंच लिहून टाकतो. तिकडे आणि इकडे काही फरकच नाही." दिव्यानीने हातातलं टेंभरू तसंच परत टोपलीत ठेवलं. ते मी पाहिलं. एवढं खोटं बोलूनही पोरगी चाललीच होती. वच्छलाकडे पाहिलं तर ती मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

तेवढ्यात फाटकावर गलका झाला. नागसेन पाटी काखेत मारून उभा, आणि मागे दहा-बारा माणसं.

"भाऊ, कोणीतरी पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. चंद्रपूर थंडं पडलं म्हणून. नागपूरवाले हासून राह्यले आपल्यावर. नागपूरवाले! ह्या लोकायले सांगा, पाटीवर चौतीस कोणी लिवाले लावलं."

मी वच्छलाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी "नाई" म्हटलं. दिव्यानीकडे पाहिलं. पवनकडे पाहिलं. आणि मग माझा तो पंचवीस वर्षांचा आवाज आपोआप बाहेर आला.

"मी लावलं! काल सेहेचाळीस दोन होता. परवा सेहेचाळीस. जवाईबापू, नुसतं नाव नाई आमचं. आमचं ऊन खरं आहे, आमचं सारंच खरं आहे. मीच एक खोटा निघालो. चला वर."

ड्रममध्ये हात घालून थर्मामीटर काढला. अर्धा शेर तांदूळ अंगणात सांडला. जावयाचा हात धरून मी त्याला अनवाणीच छतावर नेलं. मागून दिव्यानी ओरडली, "बाबा, काय करून राह्यले!" वच्छलाने कपाळाला हात लावला.

अकराची वेळ. छत तव्यासारखं तापलेलं. पवन एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचत होता. पाहतो तर त्याचे डोळे मिटलेले आणि तोंडभर हसू.

"मामाजी, हे खरं आहे?" तो म्हणाला. पुण्याची भाषा पायरीवरच गळून पडली होती. "मंग काल काऊन नाई सांगतलं? पाच वर्षं झाले, मले कूलरच्या वाळ्याचा वास नाई. छतावर बाज टाकून झोपणं नाई. तिथी अडतीस झालं का लोकं दारं लावून एसीत बसतात, मंग कोणी कोणाले दिसत नाई. आपल्याइथी दिवसभर तापलं का संध्याकाळी सारं गाव बाहीर येते. अंगणात पाणी शिंपते, बाजूवाल्याले आवाज देते, फाटकापाशी रांजण भरून ठेवते. मले तो उन्हाळा पायजे होता. म्हणून तं कालपासून विचारून राह्यलो, ऊन आहे का, ऊन आहे का."

दिव्यानी जिन्याच्या तोंडाशी आली होती. "मी तेच तं सांगतलं होतं बाबा, सारं उन्हाळ्यावर अडलं आहे म्हणून!"

त्या भर उन्हात माझे डोळे भरून आले. माझं गाव कोणाला त्याच्या उन्हासकट हवं होतं. मी जावयाला मिठी मारणारच होतो, तर तो थर्मामीटर निरखून म्हणाला, "पण अकोल्याइतकं नाई हो."

"काय म्हटलं?"

"संध्याकाळी आकडे येतीन. अकोल्याहून जास्त निघाला तं इथलं लिवतो. नाई तं पुणं. गंमत म्हणून नाई मामाजी, उन्हाळ्यापायी घर हलवाचं तं तो पहिल्या नंबरचा पायजे."

संध्याकाळी पानठेल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वच्छलासुद्धा आली होती, जी लग्नापासून कधी ठेल्याकडे फिरकली नव्हती. दिव्यानी माझ्या स्कूटरवर बसून नखं खात होती. नागसेन एका हातात मोबाइल, एका हातात खडू घेऊन उभा.

"अकोला," त्याने वाचलं, "सेहेचाळीस तीन."

"आणि आपलं?"

नागसेनने खडू खाली ठेवला. "सेहेचाळीस एक."

दोन पॉइंट! पवनचाही चेहरा पडला. त्यालाही यायचंच होतं, पण अकोला जिंकलेलं असताना अकोल्याचा माणूस शब्द कसा मोडणार? दिव्यानी स्कूटरवरून उतरली.

"थांबा, थांबा," नागसेनने बोटाने यादी खाली सरकवली. "ब्रह्मपुरी, सेहेचाळीस सात."

"ब्रह्मपुरी कोणाची?" मी गरजलो.

"आपली!" सगळा ठेला म्हणाला.

मग मी सुटलो. "जवाईबापू, बँकेनं तुमाले शहर विचारलं का जिल्हा? जिल्हा! जिल्हा एक, जंगल एक, ऊन एक. वाघ का तालुका पाहून फिरते? ब्रह्मपुरी म्हंजे चंद्रपूर आणि चंद्रपूर म्हंजे ब्रह्मपुरी. यात काडीचा फरक नाई!"

पवनने बँकेच्या माणसासारखा शांतपणे विचार केला आणि हात जोडले. "मान्य आहे मामाजी." दिव्यानीने सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात हात टाकले. नागसेनने पाटी पुसली, ठसठशीत अक्षरात आकडा लिहिला आणि खाली दोनदा "शाब्बास" लिहिलं. मला त्या दिवशी माझ्या जिल्ह्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा निवृत्तीच्या सत्कारात माझा स्वतःचाही वाटला नव्हता.

सोमवारी सकाळी पवनने मोबाइलवर फॉर्म भरून पाठवला आणि मग मला वाचून दाखवला. "जिल्हा, चंद्रपूर. शाखा, ब्रह्मपुरी."

मी चहाची बशी खाली ठेवली. "जवाईबापू, तुमच्या बँकेची शाखा आपल्या मागच्या गल्लीत आहे."

"आहे ना. पण पहिला नंबर तिकडचा आला. आणि तुमीच म्हटलं मामाजी, काडीचा फरक नाई."

वच्छला माझ्याशी चार दिवस बोलली नाही. काडीचा फरक किती असतो ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पंचवीस वर्षं मीच पुकारत होतो: चंद्रपूर ते ब्रह्मपुरी, मार्गे मूल, सिंदेवाही, नागभीड, सव्वाशे किलोमीटर. आता दर रविवारी त्याच गाडीत आम्ही दोघं बसलेले असतो, मांडीवर टेंभरांची पिशवी घेऊन. पोरगी सुखात आहे. छतावर बाजा आहेत, फाटकाशी रांजण आहे, आणि जावयाने तिथल्या पानठेल्यावर पाटीही लावून घेतली आहे.

परवा संध्याकाळी मी नागसेनच्या पाटीखाली उभा होतो. पाटीवर होते सेहेचाळीस चार. तेवढ्यात दिव्यानीचा फोन आला.

"बाबा, आज आमचं सेहेचाळीस नऊ. तुमचं किती?"

"आवाज कटून राह्यला वं तुहा," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.