जनूकाकांचा फिरता भोंगा

घणसोली गावात, आमच्या गल्लीत, साठी ओलांडलेला एक माणूस भर रस्त्यात थांबतो, "आऽऽऽ" असा सूर लावतो आणि सूर न सोडता स्वतःभोवती गिरकी घेतो. गिरकी संपली की समोरच्याला विचारतो, "काय समजला? आवाज पुढं आला, पाठी गेला, परत आला. आवाज फिरला पायजे!" नवा माणूस घाबरतो. एक कुरिअरवाला तर पार्सल तिथेच टाकून पळाला होता. आम्ही जुने लोक सांगतो, घाबरू नका, ते आमचे घरमालक आहेत.

जनूकाका इथले मूळचे आगरी. खाडीकडची शेती गेली, घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, पण काकांचा जीव ना शेतीत होता ना भाड्यात. तरुणपणी ते हळदी-लग्नांना साउंड लावायचे. तेव्हा गावच्या जत्रेत एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यांच्या ऑर्गनशेजारी एक लाकडी कपाट होतं आणि सगळा आवाज त्या कपाटातून येत होता. काकांनी मागच्या फटीतून आत डोकावलं, तर आत भोंगा गरागरा फिरतोय! त्या सुराविषयी विचारलं की काका आजही डोळे मिटून नुसता हात गोल फिरवतात.

मागच्या वर्षी ते जिन्याच्या ग्रिलसाठी लोखंड बघायला कळंबोलीला गेले आणि एका भंगारवाल्याकडे त्यांना तसंच कपाट दिसलं. कुठल्याशा हॉटेलातून निघालेलं. भंगारवाला त्यात चपला ठेवत होता. काका टेम्पोत त्या कपाटाला मिठी मारूनच घरी आले. ग्रिल अजून आलेलं नाही.

अडचण एवढीच होती, की अशा कपाटाला वीज, आवाज आणि जोरात फिरायचं की हळू याचा हुकूम, सगळं ऑर्गनमधूनच मिळतं, एकाच जाड वायरीतून. ऑर्गन कुठे गेला देव जाणे. कपाटामागे नुसतं पिनांचं एक तोंड उरलं होतं. काकांकडे होता मुलाने दुबईहून आणलेला छोटा कीबोर्ड. त्याचा आवाज बारीक, कपाटाची भूक मोठी. या दोघांचं जमवून देणारा डबा काकांनी घरीच बनवायला घेतला.

कुठली पिन कशाची, हे सांगणारं कोणी नव्हतं. मे महिन्याच्या दुपारी अख्ख्या इमारतीची लाइट गेली. घामेजलेले भाडेकरू जिन्यात जमले. काका दार उघडून बाहेर आले, हाताला काजळी, चेहरा मात्र मुलगा झाल्यासारखा. "एक पिन कळली!" म्हणाले. पुढे लाइट गेली की कोणी तक्रार करत नसे. खालून नुसती हाक यायची, "काका, कळली का?"

सुट्टीच्या दिवशी बॅटरी धरायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही कीबोर्ड कधी शिकलात?"

"मी? मना सा पन नाय येत."

"मग हे सगळं कोणासाठी?"

काकांनी मान खाली घालून वायरीला कथलाचा डाग द्यायला घेतला. उत्तर पलंगावरून आलं. सुमनकाकी म्हणाल्या, "माझ्यासाठी. येडा हाय तो."

काकी गावातल्या बायकांच्या भजनाला पेटी वाजवायच्या. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, डावा हात मात्र मांडीवर ठेवला तसाच राहिला. पेटीला एक हात सुरांना लागतो, एक भात्याला. भात्याचाच हात गेला. मुलाने कीबोर्ड आणून दिला, तर काकींनी दोन सूर दाबून तो बाजूला सारला. "मी बोलली, याला दम नाय. सूर मेल्यासारखा सरल येतो. बस, एवढंच बोलली. आनि या बाबानं मनावर घेतला. माझा अनारशांचा डबा कापला, शिलाई मशीनचं पॅडल काढलं!"

"पॅडल तुझ्या उजव्या पायाला," काका मान वर न करता म्हणाले. "दाबलंस का भोंगा जोरात, सोडलंस का हलू. भाता समज."

डबा पुरा झाला त्या दिवशी काकांनी भजनाच्या सगळ्या बायकांना बोलावलं. आणि काकी अडून बसल्या. "मना नाय वाजवायचं. सगल्या माझ्या हाताकडं बघतील."

काका वाद घालत बसले नाहीत. स्वतःच कीबोर्डसमोर बसले आणि एक बोट टेकवलं. कपाटात भोंगा हलला, सूर उठला, भिंतीला जाऊन परत आला. मग काकांनी दुसरं बोट टेकवलं. ते इतकं भलतीकडे पडलं की दारातल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. काका मात्र तल्लीन. तिसरं बोट तर त्याहून वाईट.

"उठ!" काकी ओरडल्या. "उठ तिथून! सुराचा मुडदा पाडतोय मेला!"

त्या भिंतीला धरत आल्या, बसल्या, पाय पॅडलवर ठेवला. पहिला सूर त्यांनी बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग हळूच पॅडल दाबलं. सूर थरथरला, भरून आला. पॅडल सोडलं, तसा तो संथ झाला. काकींनी एकदा कपाटाकडे पाहिलं आणि गौळण सुरू केली. बायकांनी टाळ उचलले. कोणीही हाताकडे पाहिलं नाही. पाहायला सवड कोणाला होती?

दोन गौळणी झाल्या तरी काका कुठे दिसेनात. मी शोधत खाली गेले. ते गेटपाशी रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मला म्हणाले, "दोन वर्सं घरात नुसता टीव्ही बोलायचा गो. दोघंजन त्याच्याकडं तोंड करून बसायचो."

तेवढ्यात शेजारचे पाटील स्कूटर थांबवून म्हणाले, "काय रं जनू, जमला वाटतं तुझा भोंगा?"

काकांनी छाती पुढे काढली. वर खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "सुमन वाजवते."

"आरं, पन तो डबा, त्या पिना..."

"सुमन हाय ती," काका म्हणाले. "स्कूटर बंद कर जरा. ऐक."