शनिग्रहीच्या सरदाराची हकीकत

गणरायास दंडवत घालून, सरस्वतीस हात जोडून, दीपनगर मुक्कामीचे योगेंद्रराव यांनी जी दुर्घट मोहीम केली ती जैसी जाहली तैसी लिहितो. पदरचे थोडे मीठ पडले असेल, तेवढे गोड मानून घ्यावे.

राजश्री योगेंद्रराव हे वीजकेंद्राचे नकाशेनवीस. चौतीस वर्षे बॉयलरच्या नळ्या कागदावर आखून चाकरीतून मोकळे जाहले, आणि मग भुसावळच्या रद्दीवाल्याकडे त्यांस विज्ञानकथांची जुनी इंग्रजी मासिके गवसली. मुखपृष्ठांवर काचेची शिरस्त्राणे ल्यालेले वीर, बंदुकीतून सुटलेले हिरवे किरण, आणि आठआठ सोंडांची परग्रहीची जनावरे. रावांची मती तेथेच गुंतली. मग नित्य सकाळी चहा घेऊन बैठक मारावी, आणि मंगळाचे किल्लेदार, शुक्राच्या बेगमा व धूमकेतूवरील घोडदळ कागदी उतरवावे, ऐसा शिरस्ता पडला.

परंतु एक शल्य राहिले. जनावरांस कोणी भीत नसे. कुटुंब हेमलताबाईसाहेब यांनी गुरुग्रहाचा दैत्य पाहून, विहिरीवरची मोटर छान जमली, ऐसा अभिप्राय दिला. आणि शेजारचे तोतारामभाऊ यांनी मंगळाचा किल्लेदार न्याहाळून, याचा व्हॉल्व्ह कोठे, ऐसी पृच्छा केली. हातास सवय चौतीस वर्षांची. दैत्य काढावा तो त्याच्या अंगास नळ्या फुटाव्या. राव बहुत खिन्न जाहले, दोन दिवस पोह्यांस शिवले नाहीत, आणि प्रण केला की, एक तरी मनुष्य भ्यावा, नाही तर पेन्सिल कायमची खाली ठेवू.

तेव्हा बाईसाहेब बोलल्या, "अहो, जिवंत काही समोर ठेवून काढलंय का कधी?" आणि फर्मान काढिले की, रावेरास आमचे बंधू निंबाभाऊ यांच्या केळीत जावे, आणि फूटपट्टी घरी ठेवावी.

मग खासा स्वारी एसटीने कूच करून रावेरास दाखल जाहली. निंबाभाऊंनी पाहुण्यास चहा पाजून बागेत सोडिले. आत शिरताच राव थक्क जाहले. जांभळी केळफुले जबडे वासून लोंबत होती, घडांच्या फण्या बोटे वळवून होत्या, आणि वाळल्या पानांचे झगे वाऱ्याने खुसफुसत होते. रावांनी चिखलात उकिडवे बसून हात मोकळा सोडिला, आणि शनिग्रहीचा सरदार आकारू लागला. इतक्यात मुंग्यांच्या फौजेने पायजम्यातून चढाई करून दोन ठिकाणी लचके तोडिले, आणि वरून केळीच्या चिकाचा टपोरा थेंब नेमका सरदाराच्या तोंडावर पडला. मोहीम बुडाली ऐसे वाटून रावांचे डोळे भरले. परंतु थेंब वाळता वाळता तपकिरी जाहला, आणि तेथून कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे ऐसे रावांसच वाटले. मग त्या डागाभोवती पापणी काढिली.

त्या समयी घड वाहणारी भिकूबाई तेथे आली. ही बाई ऐसी की, मागले साली बागेतला नाग काठीवर उचलून बांधापल्याड टाकिला होता. तिने कागदात डोकावले.

भिकूबाई एक पाऊल मागे सरली.

"भाऊ, हे कुठी राह्यतं?" तिने विचारिले.

"शनीवर," राव बोलले.

"मंग तिकडंच राहू द्या त्याले. बागात नका आणू."

रावांस हसू आणि रडू एकदमच आले. निंबाभाऊ धावत आले, काय चावले म्हणून विचारू लागले.

येणेप्रमाणे माघ मासी, बुधवारी, दोन प्रहरी, रावेरच्या केळीत फत्ते जाहली. गनीम एक पाऊल हटला, दुसरे हटला नाही. जखमी खासा स्वारी, मुंग्यांकरून. पुढे भिकूबाईने डोईचा घड उतरवून, कागद हाती घेऊन, पुन्हा निरखून पाहिला, आणि याले दात कमी हायेत, ऐसा हुकूम केला. रावांनी दोन दात जागच्या जागी वाढविले. भिकूबाईंनी मान हलविली. मोर्तब जाहले.