लाल मोटारीचे बुश बदलिले त्याची हकीकत

श्री. वाटेत राखणाऱ्यास आणि घरी परत आणणाऱ्यास आधी नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, चैत्र मासापासूनचे हे वर्तमान.

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक राज्य मनात आणा. त्याचे नाव विचारू नका, आता ते कोणी घेत नाही. डोंगरावर राजवाडा, खाली घाट, घाटाच्या पायथ्याशी नदी, आणि दारी महाराजांची लाल मोटार, बुटकी, वेगाची, पुढे दोन आसने आणि मागे लेकरापुरती जागा. आईसाहेबांच्या पाठीचा मणका दुखावलेला, म्हणोन त्यांचे हिंडणे बंद जाहले होते, परंतु दर सोमवारी महाराज त्यांस शेजारी बसवून नदीपर्यंत नेत आणि मागे दहा वर्षांची कन्या अंबूबाई बसे. आईसाहेबांस बाहेरचे जग म्हणजे तेवढेच. त्या चैत्रात ब्रेक दाबिता गाडी एका अंगास ओढू लागली आणि खालून ठकठक ऐकू येऊ लागली, तेव्हा कासम मिस्त्री यांनी खाली शिरून पाहिले आणि रबरी बुश विरले आहेत असे सांगितले. बुश म्हणजे काय, हे अंबूबाईने विचारिले. मिस्त्रींनी तिला दाखविले की चाक धरणारा लोखंडी हात जेथे गाडीच्या सांगाड्यास जोडिला आहे, तेथे मध्ये रबराचे जाड कडे बसते, आणि दगडाचा धक्का ते आपल्या अंगावर घेते.

मग दरबारात मसलत बैसली. दिवाण भास्करपंत म्हणाले की रबर नको, कडक बुश घालावे, म्हणजे शेजारच्या राज्याशी आश्विनात शर्यत आहे तीत गाडी बाणासारखी जाईल. मिस्त्री बोलिले, "कडक बुश वळणावर सुरेख, महाराज. पण धक्का कोठे तरी जाणारच. तो आईसाहेबांच्या पाठीत जाईल." महाराजांनी रबर निवडिले. येथवर सर्व नीट जाहले.

परंतु त्या राज्याचा रिवाज ऐसा, की सरकारी वाहन एकदा जॅकवर उचलिले म्हणजे शेवटचा बोल्ट आवळून आरती होईतो चाक भुईस लागू नये. मिस्त्रींनी अर्ज केला की गाडी अधांतरी असता बोल्ट आवळिले तर ती खाली येताच रबर पिळले जाईल आणि पिळलेलेच राहील, सबब आधी चाके टेकवू, महाराजांच्या आसनी दीड पोते ज्वारी आणि आईसाहेबांच्या आसनी एक पोते ठेवू, म्हणजे माणसे बसल्यासारखी गाडी दबेल, आणि मग आवळू. भास्करपंत म्हणाले की मिस्त्रींस आता हात वर करवत नाहीत, म्हणोन गाडी खाली पाहिजे. दरबार हसला, महाराजही हसले, आणि मुहूर्तावर बोल्ट अधांतरीच आवळिले गेले. आषाढात रबर फाटले. दोष मिस्त्रींच्या माथी आला, ते लेकीच्या गावी गेले, आणि गाडीस चोहीकडे कडक बुश बसले.

आश्विनात महाराज शर्यत जिंकिले. आईसाहेब मात्र कडक बुशांच्या पहिल्या सोमवारी घाटभर दाराची मूठ धरून बसल्या आणि नदीवर उतरल्या नाहीत. महाराजांनी पुसले, तेव्हा म्हणाल्या, "गाडी छान धावते." पुढल्या सोमवारी डोके दुखते म्हणाल्या, त्याच्या पुढल्या सोमवारी काहीच म्हणाल्या नाहीत, आणि मार्गशीर्षात त्यांनी अंथरूण धरिले.

मग एके दिवशी अंबूबाई मोटारखान्याच्या अडगळीतून फाटके बुश ओच्यात घेऊन भर दरबारी आली आणि म्हणाली, "आबासाहेब, रबर वाईट असते तर कसेही फाटले असते. हे सगळे एकाच अंगाला पिळून फाटलेत. कासमचाचा हेच सांगत होते." महाराजांनी एक बुश हाती घेऊन पुष्कळ वेळ फिरविला. मिस्त्रींस आणावयास स्वार गेला, तो एकटाच परत आला. मिस्त्री कार्तिकात वारले होते.

नवे रबरी बुश आणून कारागिरांनी बसविले, बोल्ट सैल ठेविले, आणि त्या राज्यात प्रथमच चाके आरतीवाचून भुईस टेकली. महाराज पायरीवर बैसले होते. म्हणाले, "अंबू, आता कोणासाठी?" ती म्हणाली, "यायचे की नाही ते आईसाहेब ठरवतील. बोल्ट आपण नीट आवळायचे."

तात्पर्य, निवड बरोबर होती, बसविणे चुकले, आणि चूक ध्यानी येईतो सांगणारा राहिला नाही. इतकीच हकीकत.

अंबूबाईने मग महाराजांच्या आसनी दीड पोते ठेवविले आणि आईसाहेबांच्या आसनी एक. पाना घेऊन ती गाडीखालच्या खड्ड्यात उतरू लागली आणि अर्ध्या पायरीवर थांबली. सकाळीच तिने दासीसोबत आईसाहेबांस कुशीवर वळविले, तेव्हा अंग फार हलके लागले होते. ती वर आली, आईसाहेबांच्या पोत्याचे तोंड सोडिले, चार पायल्या ज्वारी मोजून बाहेर काढिली, तोंड पुन्हा बांधिले, आणि खाली उतरली.